सात वाजताचा दंड

बीपीचं ते मशीन दिसलं की अजून माझं डोकं फिरतं. दवाखान्यानंच दिलं होतं. रोज सकाळी सात वाजता बाबांच्या दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, की आकडा घरच्या मोबाइलमधून डॉक्टरांकडे आणि माझ्याकडे. चांगला असला तर हिरवा, नाहीतर लाल. मी जवाहरनगरला, बाबा सानगडीकडच्या आमच्या गावी तलावात मासे धरणारे. मला वाटलं, काळजी मिटली.

पहिल्याच आठवड्यात दोनदा आकडा आला नाही. मी फोनवर आईला फैलावर घेतलं. "सात म्हंजे सात! एवढंबी जमत नाही काय तुले?" त्यानंतर एका दिवसाचाही खाडा नाही, सगळे आकडे हिरवे. नर्सबाईंनी कौतुक केलं. डॉक्टरांनी माणूस न बघता, नुसते आकडे बघून बाबांची गोळी अर्धी केली. आणि मी मूर्खासारखी शेजारणींना मोबाइल दाखवत फिरले.

मग एका सकाळी जाळं फेकताना बाबांचा उजवा हात लुळा पडला. तोंड वाकडं झालं. सोबतच्यांनी त्यांना डोंग्यातून काठावर आणलं. त्या दिवशीचाही आकडा सातच्या ठोक्याला आला होता. हिरवा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. "हा कोनाचा आकडा हाय?"

"माहा," ती म्हणाली. "तुहे बाबा पयले चार-पाच दिवस थांबले, पन नंतर पाचलेच तलावावर जायले लागले. सातले घरी कोन रायते? मंग मी माह्याच दंडाले पट्टा बांधत होती."

दंड कोणाचा, हे त्या दीडशहाण्या मशीनला कळत नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. पण तोंडसुख घ्यायला समोर आईच होती. अक्कल कुठं गहाण टाकली होती, काहून केलं असं, म्हणून मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले.

तीही चिडली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला तिनं.

"तुले हिरवा पायजे होता ना? देल्ला हिरवा! रोज फोन करत होती तू. बाबा कसे हायेत म्हनून एक दिवस तरी इचारलं काय? आकडाच मांगत होती."

हातातला मोबाइल मी खाली घेतला.

आता सात वाजता बाबा घरीच असतात. आकडा वेळेवर येतो, त्यांचाच.