हॅनाची मुलं शोधणाऱ्या बाई

मोबाइलवर शरयूबाईंचं नाव दिसलं की गेलं वर्षभर मला फोन उचलावासाच वाटायचा नाही. तब्येतीचं वगैरे काही नाही, त्या एकच विचारायच्या, "सापडली का गं?" त्या मंगळवारी सकाळी मी कल्याणच्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत नुकती येऊन बसलेले. उत्तर नव्हतं, म्हणून फोन दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे त्यांची धाकटी बहीण, विजूताई. "ताई गेली गं... चहा ठेवून उठवायला गेले तर..." आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं? सुटल्यासारखं. आता कुणी विचारणार नाही... दीड महिना झाला, त्या क्षणाची लाज अजून जात नाही.

बाई डोंबिवलीच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर ठाकुर्लीच्या त्यांच्या दोन खोल्यांत त्यांनी एक काम अंगावर घेतलं. अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपल्यावर सुटलेल्या माणसांनी आपली विकली गेलेली आईबापं, नवरे, लेकरं शोधायला वर्तमानपत्रांत छोट्या छोट्या जाहिराती दिल्या होत्या. त्या जाहिराती बाई मराठीत आणत होत्या. मी जुन्या अंकांची पानं इंटरनेटवरून उतरवून, मोठ्या अक्षरात छापून दर रविवारी नेऊन द्यायचे. चार ओळींच्या मजकुरावर बाई दोन-दोन दिवस अडायच्या. "अगं, इथे नुसतं 'अंकल' लिहिलंय. काका की मामा? आणि ही 'आन्ट', आत्या की मावशी? मराठीत मला ठरवावंच लागतं." मी म्हणायचे, काहीही लिहा बाई, कुणाला कळणारेय? त्या चष्म्यावरून बघायच्या. "मालकांनी नाती तोडली. आता मी चुकीची जोडू?"

त्या जाहिरातींतच एक दिवस हॅना आली. चार मुलांची आई. मालक मेल्यावर त्याच्या वारसांत गुराढोरांबरोबर तिच्या मुलांच्याही वाटण्या झाल्या आणि चौघं चार दिशांना गेली. धाकटी पाच वर्षांची होती. जाहिरात त्यानंतर वीस वर्षांनी दिलेली. तिथून बाईंना चैन पडेना. "ही पाच वर्षांची पोर शोधतेय, आणि ती तर आता पंचवीसची बाई. नव्या मालकाने नाव बदललं असेल. आई समोरून गेली तरी..." वाक्य त्या कधी पुरं करायच्या नाहीत. मग मला कामाला लावलं. त्या मुलीचा पुढे कुठे उल्लेख येतो का, आई भेटली का, बघ म्हणाल्या. मी रोज जेवणाच्या सुट्टीत बघायचे आणि रोज हात हलवत उठायचे.

बाईंना स्वतःला सहाव्या वर्षी देवगडकडच्या घरातून ठाकुर्लीला, मूलबाळ नसलेल्या मावशीकडे दिलेलं. एकदा मी मोठा शोध लागल्यासारखी बोलून गेले, "म्हणूनच तुम्हाला हॅना एवढी जवळची वाटते." बाई चिडल्याच. "मला दर मे महिन्यात आई भेटायची. तिची पत्रं यायची. मावशीने शिकवलं, मोठं केलं. मला कुणी विकलं नव्हतं. असलं सोपं करू नकोस." बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "एवढं मात्र आहे... पहिल्या वर्षी एकदा विजूचा चेहरा डोळ्यांसमोर येईना, तेव्हा मी फार घाबरलेले."

दिवाळीनंतर त्यांचं हृदय थकलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात नळ्या लावून पडल्या होत्या, श्वास लागत होता, तरी मला बघून ओठ हलले, "सापडली का?" मला राहवलं नाही. "सापडली बाई. धाकटी. आईला भेटली." चेहरा असा काही उजळला की मला भीतीच वाटली. आणि मग शाळेत विचारायच्या तसा प्रश्न आला. "कुठल्या पेपरात? अंक कुठला?" मी उगाच त्यांची चादर सारखी करायला लागले. त्यांनी डोळे मिटले. रागावतील वाटलं, पण माझा हात धरला. "मला बरं वाटावं म्हणून बोललीस, कळतं मला. पण मी खरं मानलं असतं तर आपण शोधायचं थांबलो असतो ना गं." बाई घरी आल्यावर त्यांचे फोन पुन्हा सुरू झाले. मला आजवर ती मुलगी सापडलेली नाही.

गेल्या रविवारी बाईंचे कागद आणायला ठाकुर्लीला गेले. जिना चढतानाच आतून वाचल्याचा आवाज आला. विजूताई सातवीपर्यंत शिकलेल्या, या जाहिरातींवरून बहिणीशी भांडायच्या, "त्या परक्या बायकांचं काय घेऊन बसलीस!" त्या एकट्याच उघड्या खिडकीशी वही धरून उभ्या होत्या. मला बघून थोड्या ओशाळल्या. "ताई सांगायची, चर्चमधे पाद्र्याने मोठ्याने वाचून दाखवाव्यात म्हणून या छापायचे. कुणाच्या तरी कानावर पडेल म्हणून. मग वहीत मिटून ठेवून काय उपयोग? रोज एक वाचते." त्या दिवशी एका बापाची जाहिरात होती, मुलाच्या शोधातली. विजूताई मुलाच्या नावाशी अडल्या, बोट ठेवून म्हणाल्या, "हे कसं म्हणायचं गं?" मी सांगितलं... एझेकिएल. त्यांनी दोनदा पुटपुटून बघितलं.

"थांब, मघाशी नाव चुकीचं गेलं," म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून पहिल्या ओळीपासून पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने, वाचायला लागल्या.