मरणाची बात आज नको

सखूआक्कांचा मला राग होता आणि तो अजून गेलेला नाही. माणूस गेल्यावर तरी राग गिळावा, पण मला ते जमत नाही.

पूर्णगडच्या वाटेवर त्यांचं माहेर. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी परत धाडलं. तेव्हापासून त्या धाकट्या भावाच्या, रावजीच्या घरात राहिल्या. रावजी मुंबईला नोकरीत. इथली आंब्याची कलमं, काजू, भातशेती, चिऱ्याचं घर सगळं आक्काच बघायच्या. वडिलांच्या मागे त्यांनी आपला हिस्सा भावाला सोडून दिला होता, आमच्याकडे बहिणी सोडतात तसाच. पुढे रावजीने त्यांना कुलमुखत्यारपत्र करून दिलं. त्यावर आक्का आंब्याच्या व्यापाऱ्यांशी करार करायच्या, तलाठ्याकडे खेपा घालायच्या, पंचायतीत भांडायच्या. त्या कागदाने घर आपल्याला जन्मभरासाठी मिळालं, असं त्या धरून चालल्या. गावही तसंच समजत होतं.

रावजी मात्र शहाणा. त्याने मला रत्नागिरीहून बोलावून घेतलं. आक्का जिवंत असेपर्यंत घर नि बाग त्यांच्या ताब्यात, नंतर मुलाला, असं मृत्युपत्र मी तयार करून नेलं. तो शिमग्याला आला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची परतीची गाडी होती. नेमकी मी गेलो त्याच दिवशी ग्रामदेवतेची पालखी त्यांच्या घरी यायची होती. अंगण सारवून झालं होतं, आक्का ओटीचं ताट लावत होत्या. मी पिशवीतून कागद काढले तसा त्यांनी हात आडवा धरला.

"वकीलसाहेब, आज घरात देव येनार हाय. मरनाची बात आज नको. चाय घ्या नि जावा."

"आक्का, साक्षीदार दोघंही इथेच बसलेत. पाच मिनिटांचं काम आहे."

"रावजी, माज्या गळ्याची आन हाय तुला."

रावजी हसला. मे महिन्यात येतोच आहे, तेव्हा करू म्हणाला. एप्रिलमध्ये तो मुंबईत झोपेतच गेला.

आक्का मुखत्यारपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. देणारा मेला की हा कागदही मेला, हे मला त्यांना सांगावं लागलं.

"म्हंजे त्याच्यासंगंच जाळायला होवा होता," एवढंच म्हणाल्या.

रावजीची बायको आधीच गेलेली, मुलगा एकुलता एक, हर्षद. सगळं त्याच्या नावावर आलं. मी त्याला वडिलांच्या मनात काय होतं ते सांगितलं.

"काका, बाबांच्या सहीचा कागद आहे का?" त्याने विचारलं.

नव्हता. त्याने पावसाआधी घर आणि बाग विकायचं ठरवलं आणि आत्याला नालासोपाऱ्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मुलगा वाईट नाही. आत्याला रस्त्यावर टाकणाऱ्यांतला तर नव्हेच.

निघायच्या आधी आक्का पुन्हा आल्या. "आता माजा मृत्युपत्र करा," म्हणाल्या.

त्यांच्या नावावर काय होतं? काय लिहू, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मेल्यावर मला हितं आना. आमच्या वाडीच्या मसनात जाळा. दुसरा काय नको."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, माझ्या कारकुनाने आणि शेजारच्या दुकानदाराने साक्ष घातली. मी त्यांना बजावलं, "आक्का, मृत्युपत्र लोक सगळं उरकल्यावर उघडतात. हे हर्षदला आजच सांगा."

"त्याच्या घरात ऱ्हायला जातेय नि पयल्याच दिवशी मरनाची बात काढू? न्हाय. तुमी पन सांगायचा न्हाय." इथेही त्यांनी शपथ घातली, आणि ती मी पाळली.

श्रावणात हर्षदचा फोन आला. आत्या गेली, काल तेरावं झालं, सगळं इकडेच नीट पार पाडलं, असं त्याने सांगितलं. तिच्या बँकेतल्या खात्याचं बघायचं होतं, म्हणून तिने तुमच्याकडे काही लिहून ठेवलंय का, एवढं विचारत होता.

मी त्याला ते वाचून दाखवलं.

"काका," तो म्हणाला, "अस्थीही इकडच्याच खाडीत सोडल्या हो."