शेपूटमास्तर

शेपूटमास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाऊलठसे राहत. समुद्रकाठच्या नवापूरच्या ओल्या वाळूकडे पाहून ते सांगत, मासळीची भरली पाटी घेऊन कोण गेली आणि रिकामी कोण परतली. बोईसरच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवत आणि नवापूरला एका खोलीत एकटे राहत. त्यांच्याकडे कधी पाहुणा आल्याचे मला आठवत नाही.

टोपणनाव मुलांनी दिलेले, पण सकारण होते. मांसाहारी डायनोसॉर, म्हणजे करवती दातांचे, दोन पायांवर चालणारे ते प्रचंड सरट, शेपूट जमिनीवर टेकून उभे राहत, असे प्रत्येक पुस्तक सांगे. मास्तरांना ते अमान्य होते. एका परदेशी मासिकात त्यांनी खडकात उमटलेल्या तीन बोटांच्या पावलांचे छायाचित्र पाहिले होते. "पावलं आहेत. मग शेपूट ओढल्याची रेघ कुठे आहे?" एवढे जड डोके पुढे, तर तोल साधायला मागे शेपूट अधांतरीच हवे, हे ते बोटावर फूटपट्टी तोलून दाखवत. मुंबईच्या विद्वानांना त्यांनी हे कळवले होते. उत्तर आले नाही.

१९६० साली, मी अकरावीत असताना, शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. उत्तम प्रतिकृती मुंबईच्या एका महाविद्यालयात, करणाऱ्याच्या नावासह कायमची ठेवली जाणार होती. मास्तरांनी बांबूचा डायनोसॉर उभा केला. शेपूट ताठ राहीना, तेव्हा शेजारच्या हिराबाय म्हणाल्या, "दोरी भिजवून बांदा, मास्तर. आमच्या होडीची गाठ कदी सुटली हाय का?" मास्तरांनी तसेच केले. होडीवरची दोरी सदैव ओली राहते, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. शाळेच्या ओसरीवर ऊन होते. दोरी सुकून सैल पडली आणि परीक्षक येण्याच्या सुमारास शेपूट हळूहळू जमिनीला टेकले.

मुंबईहून आलेले प्राध्यापक प्रतिकृतीभोवती फिरले आणि प्रसन्न झाले. अगदी शास्त्रशुद्ध, असे म्हणून त्यांनी मास्तरांचे पूर्ण नाव विचारले. अशा माणसाच्या एका शब्दाची मास्तर किती वर्षे वाट पाहत होते, हे मला ठाऊक होते.

"दोरी सुकली म्हणून ते खाली आलंय, साहेब. ते वरच असतं." एवढे बोलून ते गुडघ्यांवर बसले आणि शेपूट पुन्हा वर बांधू लागले. प्राध्यापकांनी समजावून पाहिले, मग ते पुढच्या टेबलाकडे वळले.

प्रदर्शन पाहायला आलेल्या हिराबायांना राहवले नाही. "गप ऱ्हायला काय झालं होतं? नाव झालं असतं, मास्तर."

"माझं झालं असतं," मास्तर म्हणाले. "प्राणी चुकला असता."

मी भूशास्त्र शिकायला मुंबईला आले, आणि पुढच्याच वर्षी मास्तर गेले. पुस्तकांत शेपूट अजूनही जमिनीवरच आहे. परवा संशोधनासाठी मी पाऊलठशांचा विषय मांडला आणि शेपटीबद्दलचे मतही सांगितले. या मताचे आणखी कोणी आहे का, असे मार्गदर्शकांनी विचारले.

"एक होते," मी म्हणाले.