सोळी साती बारोदरसे

दोरीआत्या बोलताना उजवा हात गोल फिरवायच्या, हातात दोरी नसली तरी. दारात भाजी घेताना, कुणाच्या तेराव्याला बसल्या तरी तेच. कोलार रोडच्या आमच्या कॉलनीत नवीन आलेला माणूस बघून दचकायचा.

त्या मूळच्या नागपूरच्या. यजमानांच्या सरकारी नोकरीपायी भोपाळला आल्या नि इथल्याच झाल्या. आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. अंगणात त्यांची लांब दोरी कायमची: एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं आत्यांच्या हातात, मधे उड्या मारणारी पोरं.

माझी मिनी पाचवीत, गणितात अगदी ढ. यंदा नापास झाली तर त्याच वर्गात बसवणार, असं शाळेनं सांगून टाकलेलं. मी तिला दिवसभर टेबलाशी डांबायची, ती पेन्सिल चावत बसायची. एकदा आत्या तिला सरळ हाताला धरून घेऊन गेल्या. मी तडकलेच, "अहो आत्या, अभ्यास सोडून उड्या कसल्या?"

"बसून बसून थिजली ना पोरगी तुही! आधी पाय हलू दे, मंग डोकं हलते."

उडीगणिक पाढा. आणि नवल असं, की घामाघूम होऊन आलेली मिनी मग पुस्तकातून मान वर काढेना! चाचणीत पासही झाली. फक्त सोळाच्या पाढ्यात गाडं अडायचं. "सोळी साती...?" की आत्या जुन्या पद्धतीनं ओरडायच्या, "बारोदरसे!" मिनी खिदळायची, "आत्या, सीधे एक सौ बारह बोलो ना!"

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आत्या झोपेतच गेल्या. मिनी पुन्हा पेन्सिल चावायला लागली. मला आत्यांसाठी रडू यायचं आणि पोरीची काळजी वाटायची.

गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. अंगणातून आवाज आला. सप्, सप्, सप्. जमिनीवर आपटणारी लांब दोरी, आणि मिनीचा पाढा. "सोळी सक शहाण्णव, सोळी साती..." ती अडली. सप्, सप्.

"बारोदरसे," कुणीतरी म्हणालं.

लाटण्यासकट मी खाली धावले. मिनी उड्या मारत होती. दोरी तिच्या डोक्यावरून जात होती, पायाखालून जात होती. एक टोक झाडाला बांधलेलं. दुसऱ्या टोकाशी कुणीच नव्हतं.

अंगावर सर्रकन काटा आला. पोरीला ओढून घरात न्यावं म्हणून पुढे झाले. पण मिनी हसत होती हो, कितीतरी दिवसांनी.

मी मटकन पायरीवर बसले.

"आत्या," मी म्हटलं, "उद्या पेपर आहे. सतराचाही घेऊन टाका."