नासू द्यायचं नाही

कळसला दुधाच्या चिलिंग सेंटरवर मी दहा वर्षं मशिनी सांभाळल्या. मग पुण्याजवळ नवं डेटा सेंटर उभं राहिलं आणि तिथं कुलिंगच्या कामावर मला घेतलं. शिकलेल्या इंजिनिअर पोरांपुढं महिनाभर मी तोंडच उघडलं नाही.

एकदा वडील भेटायला आले. साहेबांनी त्यांना मशिनींच्या खोलीच्या काचेपर्यंत नेऊ दिलं.

"हितं दूध न्हाय, मग एवढं गार कशापायी?" त्यांनी विचारलं.

"आबा, लोकांचे फोटो, सातबारे, समदं या मशिनींत असतंय. त्या तापल्या की बंद पडत्यात."

"म्हंजी नासू द्यायचं न्हाय. तुझं जुनंच काम की!"

मला हसू आलं, धीरही आला. दुसऱ्या दिवशी एका पंपाचा आवाज खटकला, बेअरिंग गेलं असावं, असं मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. उघडून पाहिलं, तर बेअरिंग खरंच गेलं होतं.