कमी पाण्याची बाग

मुलुंडच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी कमी पाण्यात फुलणाऱ्या नमुना बागेचं टेंडर उघडायचं होतं. बाकीचे कंत्राटदार मोबाइलमध्ये गुंतले होते. साठीचे एक गृहस्थ मात्र आमच्या कुंडीतली सुकलेली माती बोटानं चाचपत होते.

मी विचारलं, “काका, अशी बाग आधी केलीय?”

“आईनं केलेली. घाटकोपरच्या डोंगरावर, खोलीबाहेर. नळ खाली होता, म्हणून तांदूळ धुतलेल्या पाण्यावर झाडं जगवायची. ती बाग बघायला कोणी आलं नाही.”

त्यांचं टेंडर बाद झालं, कारण एका पानावर सही राहिली होती. ते वाद न घालता हातानं काढलेला बागेचा नकाशा मागून घेऊन गेले.

आता नमुना बागेच्या जागी नुसती हिरवळ आहे, आणि रोज टँकर येतो. ते बिनसहीचं पान साहेबांना मीच दाखवलं होतं.