तेल मल्लेशकडेच

गाडीभाऊंना कुणी अंतर विचारलं तर ते कधीच खरं सांगत नसत. गाडीत अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, मागच्या सीटवरून कुणी घाबऱ्या आवाजात 'चांदा किती दूर हाय?' असं विचारलं, की भाऊ रस्त्यावरची नजर न हलवता म्हणत, "आलंच." मूलच्या शिवेवर असले तरी आलंच, आणि जंगलाच्या मधोमध असले तरी आलंच. मी एकदा त्यांना विचारलं, की लोकांना असं खोटं कशाला सांगता? तेव्हा ते म्हणाले, "बाई, ज्याचं मानूस मांडीवर पडून हाय, त्याले मैल सांगून काय करू? आलंच म्हटलं का तो घडीभर दम घेते."

मी तेव्हा मूलमध्ये एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण मोठं दुखणं आम्ही चंद्रपूरलाच, लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या चांद्यालाच, पाठवत होतो. पेशंटबरोबर मला जावं लागे आणि गाडी बहुतेक वेळा भाऊंचीच असे. त्यांच्याच घरातली पुढची खोली मी भाड्याने घेतली होती, म्हणून त्यांची मी भाडेकरूही होते आणि सहप्रवासीही. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. ऐन उमेदीत ते आलापल्लीकडे सागवानाचे ट्रक चालवायचे. पुढे एक जुनी अँबेसिडर घेऊन ते टॅक्सी स्टँडवर उभे राहू लागले आणि गाडीभाऊ झाले. घरात ते, शांताकाकू आणि त्यांचा एकुलता एक मुलगा विजय. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि दाराशी ती गाडी.

रोज सकाळी चहाच्या आधी भाऊ बॉनेट उघडून तेल पाहायची पट्टी बाहेर काढत. पट्टीवरचं तेल अंगठ्यावर घेत, दोन बोटांत चोळत, वास घेत. काकू चुलीजवळून म्हणत, "आंधी तिची तब्येत पाहा, मंग माही." भाऊ हसत. "तू दुखलं का सांगते. हे बिचारी सांगत नाई, म्हून पुसा लागते," असं त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

तेल कुठं बदलायचं, हा स्टँडवरचा न संपणारा वाद होता. कुणी म्हणे चंद्रपूरच्या पंपावर जा, तिथे गाडी वर चढवायला रॅम्प आहे, धुऊनही देतात. कुणी बल्लारपूरच्या एका मिस्त्रीचं नाव घेई. कुणाच्या मते हे काम घरच्या अंगणात करण्याइतकं सोपं होतं. भाऊ त्या वादात कधी पडले नाहीत. त्यांची गाडी चंद्रपूर रस्त्यावरच्या मल्लेशकडेच जायची. मल्लेश सिरोंच्याकडचा. तेलुगू, हिंदी आणि आमच्याकडची मराठी अशी तिन्हींची खिचडी करून बोलणारा, अंगाने आडवा, स्वभावाने भित्रा म्हणावा इतका मऊ. भाऊंना तो का आवडायचा, तर तो घाई करत नसे. खालचा नट काढला की जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत गळू द्यायचा आणि तोवर दोघं चहा पीत बसायचे. विजयची शाळा सुटल्यावर भाऊंनी त्याला मल्लेशच्याच हाती दिलं. काही वर्षांत विजय इतका तयार झाला की मल्लेश त्याला अर्धं गॅरेज तुझंच म्हणायचा. पोराच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. काकू माझ्या खोलीत येऊन मुलीच्या घरची माणसं कशी आहेत ते रंगवून सांगायच्या.

ते एप्रिलमधलं दुपारचं ऊन होतं. एक जीप तेल बदलायला आली होती. जॅक लावून गाडी उचलली की तिच्याखाली लाकडी ठोकळे सरकवायचे, मगच माणसाने आत शिरायचं, हा मल्लेशचाच नियम. पण त्या सकाळी शेडमागे एका ट्रकचं चाक काढताना मल्लेशने ते ठोकळे तिकडे नेले आणि परत आणायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. विजयनेही हाक मारून मागितले नाहीत. थोडक्याच वेळाचं काम, असं त्याला वाटलं असावं. जॅक निसटला.

त्याला आधी आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि ताबडतोब चंद्रपूरला न्या म्हणाले. तोवर काकू घरून धावत आल्या होत्या. गाडी अर्थात भाऊंचीच. काकूंनी लेकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी दोन सीटांच्या मधे खाली बसून त्याचं मनगट धरलं. मल्लेश गाडीशी आला, पण भाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना दिसतच नव्हतं काही. जंगल सुरू झालं आणि थोड्याच वेळात माझ्या बोटांखालची नाडी थांबली. मी मान वर केली. समोरच्या आरशात भाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांना कळलं. काकूंना कळलं नव्हतं. त्या पदराने लेकाला वारा घालत होत्या. त्यांनी विचारलं, "किती दूर हाय जी?"

भाऊ म्हणाले, "आलंच."

आवाज नेहमीचाच होता. गाडी त्यांनी थांबवली नाही, वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. चंद्रपूर येईपर्यंत त्यांनी काकूंजवळ त्यांचा मुलगा राहू दिला. त्या दिवसानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. कुणी अंतर विचारलं तर ते खरं सांगू लागले.

पोलीस येऊन गेले, अपघात म्हणून नोंद झाली. पण गावाने आपला निकाल वेगळा लावला. ठोकळ्यांची गोष्ट सगळीकडे पसरली आणि स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी ठरवलं, की मल्लेशच्या दारात आता कुणाची गाडी जाणार नाही. भाऊंच्या प्रेमापोटीच ठरवलं त्यांनी. मल्लेशचं शेड उघडं असायचं आणि तो आत स्टुलावर बसलेला असायचा, दिवसभर, रिकाम्या हातांनी. तो गाव सोडून सिरोंच्याला परत जाणार असं ऐकू येत होतं.

इकडे भाऊंनी पुन्हा गाडी काढली, कारण घर चालायला हवं होतं. सकाळची पट्टी मात्र ते बघत नसत. तेल काळंकुट्ट झालं होतं, इंजिनाचा आवाज बदलला होता, तो मलाही कळत होता. स्टँडवरची माणसं म्हणत, भाऊ, आता तरी चंद्रपूरला नेऊन टाका. शेवटी एकदा मी दवाखान्याची औषधं आणायला त्यांच्याबरोबर चंद्रपूरला गेले, तेव्हा त्यांनी गाडी त्या पंपावर नेली. तिथली माणसं चांगली होती. बसायला बाक दिलं, कुठलं तेल टाकायचं ते अदबीने विचारलं. भाऊ बाकावर बसले, मग उठले. गाडी रॅम्पवर चढणार तेवढ्यात त्यांनी चावी परत मागितली आणि आम्ही तसेच निघालो.

अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "तिथी साऱ्यायले गाडी दिसते, बाई. विज्याले तिथी कोनी वळखत नाई. ह्या इंजिनाले त्याचा हात लागला हाय. ज्यानं त्याले पाना धराले शिकवलं, तोच एक हाय हे समजनारा. अन् तोही जितेपनी मरून राह्यला तिकडं."

मूल यायच्या आधीच त्यांनी गाडी मल्लेशच्या शेडसमोर वळवली. मल्लेश स्टुलावरून उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, मार खायला उभं राहावं तसा. भाऊ उतरून बॉनेट उघडू लागले तेव्हा त्याला कळलं. तो हात जोडून म्हणाला, "नको भाऊ. मेरे हाथ से नको."

भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "ठोकळे तूच नेले होते. मले मालूम हाय, तुले बी मालूम हाय. ते काई पुसल्या जात नाई," ते म्हणाले. "पन माह्या पोरानं तुले बाप मानलं होतं. आता आपन दोघंच राह्यलो त्याले रडनारे बाप. तेल बदलव."

मल्लेशने गाडी उचलली. चारी बाजूंनी ठोकळे लावले, मग शेडमधून आणखी आणून त्यांच्या शेजारी लावले, प्रत्येक ठोकळा हाताने हलवून पाहिला आणि मग खाली शिरला. तेल गळू लागल्याचा आवाज आला. धार थांबली, थेंब थांबले, तरी तो बाहेर आला नाही. गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसत होते आणि ते हलत होते. भाऊ गाडीशेजारी मातीत बसले आणि त्यांनी त्याच्या पायावर हात ठेवला. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. तिथे माझं काही काम नव्हतं.

घरी ही बातमी आमच्या आधीच पोचली होती. काकूंनी भांडण केलं नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि सांगितलं, "तुमी जा त्याच्याकडं. मी आडवत नाई. पन त्या हातानं भरलेल्या तेलावर चालनाऱ्या गाडीत मी बसनार नाई." आणि त्या बसल्या नाहीत. गडचिरोलीला बहिणीकडे गेल्या तर एस.टी.ने गेल्या. ताप असताना दवाखान्यात चालत आल्या. भाऊंनी त्यांना कधी समजावलं नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "तिचं बी खरं हाय. माय हाय ना ते." मात्र बाजाराच्या दिवशी ते गाडी दाराशीच ठेवत आणि पिशवी घेऊन काकूंच्या मागून पायी चालत. गावातला टॅक्सीवाला भर उन्हात भाजीचं ओझं घेऊन बायकोमागे चालतोय, हे बघून पोरं हसायची. पुढेपुढे हसेनाशी झाली. भाऊंची गाडी मल्लेशकडे उभी दिसू लागली तसे स्टँडवरचे इतर ड्रायव्हरही एकेक करून तिकडे वळले. भाऊंनी कुणाला सांगितलं नव्हतं. तेल कुठं बदलता, असं कुणी विचारलं तर पूर्वीसारखंच म्हणत, "मल्लेशकडं."

अशी काही वर्षं गेली. मग भाऊंच्या छातीचं दुखणं सुरू झालं. औषध चालू होतं, पण त्यांनाच जगण्यात फारसा रस उरला नव्हता, हे मी जवळून बघत होते. मल्लेशकडे जाऊ लागल्यापासून ते सकाळची पट्टी पुन्हा बघू लागले होते. एका हिवाळ्यात सकाळी ती काढायला म्हणून ते गाडीशी गेले आणि बॉनेटवर डोकं टेकून उभे राहिले. काकूंना वाटलं, इंजिनाचा आवाज ऐकताहेत. इंजिन बंद होतं.

अंत्ययात्रेला सगळा स्टँड आला होता. त्रिशरण-पंचशील झालं. मल्लेश लांब, रस्त्यापलीकडे उभा होता. सगळे गेल्यावर तो चितेजवळ गेल्याचं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

गाडी विकायची नाही, असं काकूंनी ठरवलं. त्यांचा धाकटा भाऊ नामदेव ती चालवू लागला. उन्हाळ्याच्या तोंडाला तोच एकदा दुपारी काकूंसमोर येऊन उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, की तेल बदलायला झालंय, चंद्रपूरला नेऊ का? काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग सूप बाजूला ठेवून उठल्या, लुगडं नीट केलं आणि मला म्हणाल्या, "चाल वो बाई माह्यासंगं." त्या गाडीत बसल्या. मागच्या सीटवर, त्या दिवशी बसल्या होत्या तिथेच. विजय गेल्यानंतर त्यांनी त्या गाडीत पाय ठेवला तो असा.

मल्लेशने त्यांना उतरताना पाहिलं आणि त्याच्या हातातलं काम तसंच राहिलं. काकू त्याच्यापुढे गेल्या. "त्यायनं तुले माफ केलं. माह्याच्यानं ते होत नाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "कधी होईल असं बी वाटत नाई. पन ते असते तं गाडी इथीच आनली असती. तेल बदलव."

मल्लेशने मान खाली घालून चावी घेतली. तो वळणार तोच काकूंनी विचारलं, "तो कुठी होता?"

मला तेव्हा लक्षात आलं, की त्यांनी ती जागा कधी पाहिलीच नव्हती. मल्लेश त्यांना शेडच्या बाजूला घेऊन गेला. तिथे मोहाचं एक मोठं झाड होतं. त्याखालची जमीन स्वच्छ झाडलेली होती. बाकी सगळ्या आवारात तेलाचे डाग, पत्रे, जुने टायर. तेवढ्या जागेवर काही नव्हतं. मल्लेशने हात करून दाखवलं आणि तो मागे सरला.

काकू खाली बसल्या. हाताने जमीन चाचपली. नव्या पालवीतून वारा येत होता. त्यांनी डोकं वर करून झाडाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"सावली हाय इथी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "मले इतके वर्ष वाटे, लेकरू उन्हात पडलं होतं."